स्कूल बोर्डाला उभं राहायचंय? मग आधी मतपत्रिकेचा तो कोपरा बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत अकरा वर्षं राहताय, दोन मुलं पब्लिक स्कूलमध्ये आहेत, नागरिकत्व दोन वर्षांपूर्वी मिळालं. स्कूल बोर्डाने, म्हणजे शाळांवर देखरेख करणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाने, तुमच्या भागातली कर्टसी बस (कायद्याची सक्ती नसताना दिलेली शाळेची बस) बंद केली. तुम्ही मीटिंगला जाऊन तीन मिनिटं बोललात, पण समोरच्या नऊ जणांपैकी कोणी मान वर केली नाही. नोव्हेंबरात तीन जागांची निवडणूक आहे आणि तिन्ही जुने सदस्य पुन्हा उभे राहणार आहेत. उभं राहावं का? घरचे म्हणतात, नसती उठाठेव.

उभ्या राहा. आता घरच्यांच्या बाजूनेही थोडं बोलते, कारण तेही अगदीच चुकीचे नाहीत. मी दोनदा उभी राहिले. पहिल्यांदा ६१ मतांनी पडले, दुसऱ्यांदा निवडून आले, तीन वर्षांची एक टर्म पुरी केली आणि थांबले. या कामाला न्यू जर्सीत एक पैसाही मिळत नाही. महिन्यातल्या दोन-तीन संध्याकाळी जातात, आणि बजेटच्या दिवसांत त्याहून जास्त. माझ्या धाकट्याने एकदा शाळेच्या निबंधात "आई मंगळवारी नसते" असं लिहिलं होतं. हे घरी आधीच बोलून घ्या.

पात्रता सोपी आहे: नागरिकत्व, वय १८, मतदार यादीत नाव, त्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या बोर्डाच्या हद्दीत, किमान एक वर्ष वास्तव्य, आणि बोर्डाशी कसलाही कंत्राटी हितसंबंध नको. निवडून आलात तर तीस दिवसांत गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते. अर्ज काउंटी क्लार्ककडे द्यायचा, मुदत जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चार वाजेपर्यंत. चार म्हणजे चार. पाच मिनिटं उशिरा पोहोचलेल्याचं काही चालत नाही.

अर्जावर त्याच डिस्ट्रिक्टमधल्या मतदारांच्या सह्या लागतात. त्या सह्यांची गंमत सांगते, कारण आपले लोक तिथेच फसतात. मी पहिल्या वेळी आषाढीच्या भजनाला फॉर्म घेऊन गेले. प्रसादाच्या रांगेतच सोळा सह्या झाल्या. प्रत्येक जण पाठ थोपटत होता, एका काकांनी तर "आता आपला माणूस आत जाणार" म्हणून टाळ्याही वाजवायला लावल्या. रात्री घरी येऊन जेवणाच्या टेबलावर एकेक नाव तपासलं. सात जण ग्रीनकार्डवर किंवा एच-वन-बीवर, दोघं शेजारच्या टाउनशिपमधले. उरल्या सात. तेव्हा दहा लागायच्या. (आताचा आकडा यंदाच्या फॉर्मवर छापलेला असेल तो पाहा, आणि त्याच्या दुप्पट घ्या.) दुसऱ्या दिवशी कुत्रा फिरवणाऱ्या शेजारणीपासून सुरुवात करून उरलेल्या सह्या गल्लीतच गोळा केल्या. भजनात वाजल्या तेवढ्या टाळ्या मला निवडणुकीत परत कधीच ऐकू आल्या नाहीत, आणि त्या वाजवणाऱ्या हातांपैकी निम्म्या हातांना मतदानाचा हक्कच नव्हता. आपल्या मंडळात तुमचं नाव झालं की निवडणूक अर्धी जिंकली असं वाटतं. तसं नसतं.

पैशांचंही तसंच. ग्रीनकार्डवाल्याला मत देता येत नाही, पण देणगी देता येते. एच-वन-बीवाल्याला देणगीही देता येत नाही. फेडरल कायदा गावपातळीच्या निवडणुकीलाही लागू आहे. एच-वन-बीवाला तुमच्यासाठी फुकट पत्रकं वाटू शकतो, पण त्याने कौतुकाने पाठवलेले पंचवीस डॉलर परत करा. खर्चाचा हिशेब राज्याच्या निवडणूक आयोगाकडे द्यावा लागतो, आणि प्रत्येक पत्रकावर पैसे कोणी दिले ते छापावं लागतं. पत्रक तिकिटाशिवाय कुणाच्या मेलबॉक्समध्ये टाकू नका. दाराच्या कडीला अडकवा. आणि मुलांच्या हाती शाळेतून एकही कागद घरोघर पाठवू नका, त्याला राज्याच्या कायद्यानेच बंदी आहे.

आता मुख्य गोष्ट. स्कूल बोर्डाची लढत मतपत्रिकेच्या सगळ्यात दूरच्या कोपऱ्यात असते. वर राष्ट्राध्यक्ष नाहीतर गव्हर्नर, मग काँग्रेस, विधिमंडळ, काउंटी, टाउनशिप, आणि त्या सगळ्यानंतर आपण. पक्षाचं नाव नसतं, कारण ही निवडणूक पक्षविरहित आहे. ज्याला फक्त पक्ष बघून मत द्यायची सवय आहे तो तिथवर पोहोचला तरी नावं ओळखीची नाहीत म्हणून सोडून देतो, किंवा जे नाव कुठेतरी ऐकलंय त्याला देतो. जुन्या सदस्याचं खरं भांडवल हेच. त्याने फार मोठं काम केलेलं असतंच असं नाही, त्याचं नाव फक्त कानावरून गेलेलं असतं.

हे मला कळलं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पोर्चवर. ऑक्टोबर होता. मुलं केव्हाच मोठी होऊन बाहेर गेलेली. मी बससेवा, वर्गातली गर्दी वगैरे सुरू केलं तर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, टॅक्स किती वाढणार? सुदैवाने मी बजेट वाचून गेले होते. बोर्ड दरवर्षी लेव्ही, म्हणजे शाळांसाठी गोळा होणारा टॅक्स, दोन टक्क्यांपर्यंतच वाढवू शकतं, त्यापुढे जायचं तर काही ठरावीक सवलती सोडल्या की मतदारांना विचारावं लागतं, हे सांगितलं. ते आत गेले. मला वाटलं, दार लावणार. तर फ्रिजवर चुंबकाने लावलेली सँपल बॅलट, म्हणजे नमुना मतपत्रिका, घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, दाखव, तू यात कुठे आहेस? मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले की या घरात चाळीस वर्षं राहतोय, दरवेळी मत देतो, पण या बाजूला कधी काही भरलंच नाही. मग माझ्याकडून पेन मागून तिथे गोल केला.

त्या दिवसापासून प्रत्येक दारात सँपल बॅलटची प्रत आणि पेन घेऊन गेले. पहिल्या वेळी हे उशिरा सुचलं, म्हणून ६१.

तेव्हा सुरुवात अशी करा. काउंटी क्लार्कच्या साइटवर मागच्या तीन वर्षांचे प्रमाणित निकाल असतात. आपल्या टाउनशिपमध्ये एकूण किती मतपत्रिका पडल्या, त्याला तीनने गुणा, कारण तीन जागा. त्यातून बोर्डाच्या सगळ्या उमेदवारांची मिळून मतं वजा करा. जो आकडा उरेल तो रिकाम्या सोडलेल्या कोपऱ्यांचा. तो आकडा आणि तिसऱ्या क्रमांकाने निवडून आलेल्याची मतं शेजारी शेजारी लिहून फ्रिजवर लावा. जुन्या सदस्याची मतं आपल्याकडे खेचण्याच्या नादाला लागू नका, हे रिकामे कोपरे भरा. काउंटीकडून मतदार यादी मिळते. कोण कोणत्या निवडणुकीला मत द्यायला आलं एवढं त्यात दिसतं. (कोणाला दिलं ते अर्थातच नाही.) जे दरवर्षी येतात त्यांची दारं आधी वाजवा. विषम वर्षी राष्ट्राध्यक्षाची गर्दी नसते, म्हणून थोडी मतंही जागा पालटवतात.

"तीन उमेदवारांना मत द्या" म्हणजे जास्तीत जास्त तीन. हे लोकांना माहीत नसतं. पहिल्या वेळी माझ्या हक्काच्या मतदारांनी मला मत दिलं आणि उरलेली दोन मतं वाया जायला नकोत म्हणून ओळखीच्या दोन नावांना दिली. ती नावं जुन्या सदस्यांची होती! म्हणजे आपल्याच लोकांनी मला एक पाऊल पुढे नेलं आणि समोरच्या दोघांनाही एकेक. एकट्या उभ्या राहणार असाल तर जवळच्यांना स्पष्ट सांगा की एकच मत दिलं तरी चालतं. नाहीतर आणखी दोघं शोधा आणि पॅनल करा. अर्जात मागणी केली तर तिघांची नावं एकत्र, तीन शब्दांपर्यंतच्या घोषणेसह छापतात. दुसऱ्या वेळी मी एक निवृत्त शिक्षिका आणि एक सॉकर कोच यांच्याबरोबर उभी राहिले. आमचं आपसात जमायचं नाही. कोच प्रत्येक मीटिंगला उशिरा यायचा. पण त्याचे मतदार मला मिळाले आणि माझे त्याला. तिघांपैकी दोघं आलो, शिक्षिका राहिल्या, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तिघांत शाळा आतून खऱ्या अर्थाने त्यांनाच कळत होती.

आता बसबद्दल. तुमचा राग बरोबर आहे, पण आधी हे समजून घ्या. राज्याच्या कायद्यानुसार आठवीपर्यंत दोन मैलांपलीकडे आणि हायस्कूलला अडीच मैलांपलीकडे राहणाऱ्या मुलांची सोय डिस्ट्रिक्टला करावीच लागते. त्याच्या आतली बस म्हणजे कर्टसी, बोर्डाच्या मर्जीवर. २०१८ मध्ये शाळांच्या राज्य अनुदानाचा कायदा बदलला आणि सात वर्षांत टप्प्याटप्प्याने अनेक डिस्ट्रिक्टचं अनुदान घटलं. एकीकडे अनुदान कमी, दुसरीकडे दोन टक्क्यांची मर्यादा, आणि पगार, विमा वाढतच जाणार. अशा वेळी कात्री पहिल्यांदा कर्टसी बसवर पडते. तुमच्या डिस्ट्रिक्टला नेमका किती फटका बसला हे बोलण्याआधी शोधा. बजेटचा सोपा सारांश डिस्ट्रिक्टच्या साइटवर टाकणं बंधनकारक आहे. नसलेला कागद माहिती अधिकाराच्या कायद्याने, म्हणजे ओप्राखाली, मागता येतो. "बस परत आणीन" असं दारोदार सांगाल तर एखादा हुशार मतदार विचारेल, पैसे कुठून? नऊ जणांत तुम्ही एक असाल, ठरावाला पाच मतं लागतात. बोर्ड शाळा चालवत नाही, नीट चालताहेत ना हे बघतं. सदस्यांच्या आचारसंहितेत जवळजवळ याच शब्दांत लिहिलंय. शिक्षकाला काढणं, मुलाचा वर्ग बदलून देणं हे तुमचं काम नाही, आणि निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात आपलीच मंडळी नेमकी तीच कामं घेऊन येतात. सुपरिंटेंडंट नेमणं, बजेट, धोरणं, शिक्षकांचा करार, हा तुमचा प्रांत.

दिवाळीच्या सुट्टीबद्दल विचारतीलच. एडिसनसारख्या कितीतरी गावांत ती मिळालीच आहे. तुमच्याकडे नसेल तर मागा, पण पत्रकात पहिल्या ओळीत नको. १८० दिवस शाळा भरवावी लागते, एक सुट्टी वाढली की जूनमध्ये एक दिवस वाढतो, आणि चाळीस वर्षं राहिलेल्या त्या आजोबांना तुम्ही "सुट्टीवाली उमेदवार" म्हणूनच लक्षात राहाल.

आणि हो, वाईट अनुभवाची तयारी ठेवा. २०१७ मध्ये एडिसनच्याच स्कूल बोर्ड निवडणुकीत भारतीय आणि चिनी वंशाच्या दोन उमेदवारांचे फोटो छापून त्यावर "डिपोर्ट" असा शिक्का मारलेलं निनावी पत्रक घरोघर आलं होतं. ते दोघंही निवडून आले. मला तसलं काही झालं नाही. एकाने माझं नाव तीन वेळा चुकीचं उच्चारून शेवटी "तुमचं ते लांबलचक" म्हटलं, एवढंच. तेव्हापासून पत्रकावर उच्चार रोमनमध्ये फोडून लिहिला. त्याचा उपयोग झाला.

वेळापत्रकात एक गोष्ट हमखास हुकते. पोस्टाने जाणाऱ्या मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी निघतात. म्हणजे सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, काही वर्षी तर आपण गणपतीच्या आरत्यांत आणि मोदकांत असताना, पहिली मतं पडायला लागलेली असतात. त्यानंतर निवडणुकीआधी नऊ दिवस लवकर मतदान, २०२१ पासून. ऑक्टोबरच्या शेवटी दारं वाजवायला निघालात तर बरंचसं मतदान होऊन गेलेलं असेल. ऑगस्टमध्ये सुरुवात करा, गणपती दीड दिवसाचा आणा.

आणि आतापासून प्रत्येक मीटिंगला जा. बोलायला नको, नुसतं बसायला. कोण मीटिंगच्या कागदांचं पाकीट न उघडता येतं, कोण खरे प्रश्न विचारतं, कुठल्या विषयावर पाच-चार होतं, हे दोन महिन्यांत कळतं. मी पडल्यानंतरही वर्षभर दुसऱ्या रांगेत बसत होते. त्यातूनच कोच भेटला.

लॉन साइनच्या तारेच्या चौकटी विकत घेऊ नका. माझ्या गॅरेजमध्ये साठेक आहेत, थोड्या वाकड्या, पण सरळ होतात. जुलैच्या आत कळवा, नवरा दरवर्षी टाकून देऊ म्हणतो.