‘घरी जाऊया’ म्हणणारे अण्णा, आणि मुंबईला न्यायचं का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गुहागरजवळ, अण्णा ८१ वर्षांचे, डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालेलं. दिवेलागणीला पिशवी घेऊन दाराशी येतात, ‘घरी जाऊया, उशीर झाला’ म्हणतात. ‘अहो, हेच आपलं घर’ म्हटलं की भडकतात. भाऊ म्हणतो मुंबईला आणा. न्यावं का?

मुंबईचं नंतर बघू. आधी ‘हेच आपलं घर’ हे वाक्य आजपासून बंद करा. या आजारात अलीकडची वर्षं आधी पुसली जातात, लहानपण मागाहून. अण्णांचं घर बहुधा १९५०च्या आसपासचं आहे आणि तिथे त्यांची आई वाट बघतेय. तुम्ही सांगितलेलं पाच मिनिटांत विसरतील, पण कुणीतरी आपल्यावर खेकसलं एवढं मात्र मनात राहतं. ‘सारखी आठवण करून द्या, मेंदूला व्यायाम होतो’ असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ते सांगून उठून जातात, आणि बिथरलेला माणूस रात्रभर घरच्यांना सांभाळावा लागतो.

‘जाऊ, जेवून निघू’ म्हणा. पिशवी ओढून घेऊ नका. खळ्यात सोबत दोन फेऱ्या मारा, घरी कोण कोण आहे ते विचारा, बोलू द्या, मग पडवीतून आत या.

खरी तयारी दुपारपासूनची. झोप अर्धा-पाऊण तासच, तीनच्या आत उठवा. चारनंतर चहा नको. पाचला आठवणीने लघवीला न्या. पुष्कळदा ती तगमग लघवीची, बद्धकोष्ठाची नाहीतर गुडघेदुखीची असते आणि नेमकं सांगता येत नाही. आपली माजघरं मुळात काळोखी. सावल्या लांबायच्या आत, पावसाळ्यात तर साडेपाचलाच, सगळे दिवे लावा. वीज गेल्यावर आपोआप पेटता राहणारा चार्जिंगचा बल्ब माजघरात एक आणि न्हाणीघराच्या वाटेवर एक हवाच. आरशात परका माणूस दिसत असेल तर आरसा झाका.

आता विहीर. कठडा कितीही उंच असला तरी त्यावर विसंबू नका. लोखंडी जाळी दोन भागांत करून घ्या, पंपाच्या पाइपापुरतं भोक, एका भागाला बिजागरी आणि कुलूप. पुढच्या दाराला कडी सगळे लावतात, माणूस निसटतो तो मागच्या दाराने. तिथे जास्तीची कडी दाराच्या अगदी वरच्या टोकाला बसवा. हाताच्या उंचीवर नसलेली कडी बहुतेकांना शोधून सापडत नाही. दाराला गुराची घंटा बांधा. चपला, छत्री आणि ती पिशवी नजरेआड ठेवा, कारण त्या दिसल्या की निघायची आठवण होते. पण एकट्याला बाहेरून कोंडून कुठेही जाऊ नका, आग लागली तर संपलं. सदऱ्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहा. रिक्षास्टँडवर आणि दुकानदाराला सांगून ठेवा. दिसेनासे झाले तर आधी विहीर आणि व्हाळ बघा, मग जुन्या घराची, शाळेची वाट. पोलिसांना ११२ वर तेव्हाच कळवा, उजाडायची वाट बघत बसू नका.

दोन-तीन दिवसांत एकदम बिघडले तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प राहू नका. लघवीतला जंतुसंसर्ग आणि रक्तातलं सोडियम तपासा, आणि नवीन कुठली गोळी सुरू झाली तेही बघा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनसुद्धा गोंधळ वाढवतं. या आजारात आठवणीसाठी देतात ती डोनेपेझिलची गोळी रात्री घेऊन भयंकर स्वप्नं पडत असतील, तर ती सकाळी देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. शांत करायच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने अजिबात नकोत. त्यासाठी पुष्कळदा देतात त्या अँटीसायकोटिक, म्हणजे तीव्र मानसिक आजाराच्या, औषधांनी डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिला आहे. हात-पाय मंदावले असतील आणि नसलेली माणसं दिसत असतील तर डिमेन्शियाचा लेवी बॉडी नावाचा प्रकार असू शकतो. त्यात अशाच औषधांपैकी हॅलोपेरिडॉल फार घातक ठरू शकतं, तेव्हा ही दोन्ही लक्षणं डॉक्टरांना आपणहून सांगा.

मुंबई? माझं मत, नको. ओटीवरून न्हाणीघरापर्यंतची वाट अण्णांच्या पायांना पाठ आहे. फ्लॅटमध्ये संडास सापडणार नाही आणि ‘घरी जाऊया’ तिथेही सुटणार नाही, उलट वाढेल. तरी गावात सांभाळणारं माणूस एकटं असेल, रात्रीची झोप मिळत नसेल, तर न्यावंच लागेल. त्यात कमीपणा नाही.

आणि भाऊ गणपतीला येईल तेव्हा दारातून ‘अण्णा, ओळखलंत का मला?’ विचारायचं नाही, हे त्याला आधीच बजावून ठेवा. आल्या आल्या आपलं नाव सांगायचं: मी तुमचा धाकटा, मुंबईहून आलो. वर्षानुवर्षं पाहुणे आजारी माणसाची ही परीक्षा घेत आलेत आणि तो बिचारा ओशाळून नुसता हसतो. मुंबईचा निर्णय करायच्या आधी भावाला म्हणावं, सात रात्री अण्णांच्या खोलीत झोप. तुम्ही त्या सात रात्री दुसऱ्या खोलीत झोपा, दार लावून.