चेंबर उघडल्याशिवाय इंजिन घेऊ नका

प्रश्न : काका, वडिलांची 1967 ची महिंद्रा सीजे-3बी पेट्रोल जीप अकरा वर्षं गोठ्याशेजारी उभी आहे. मूळ इंजिनाचा ब्लॉक फुटलाय. निपाणीकडच्या एका गॅरेजवाल्याकडं तसंच हरिकेन इंजिन ‘फुल रिबिल्ट’ करून ठेवलेलं आहे. बोअर 30 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवलंय, क्रँक 20 थाऊ घासलाय म्हणतो. रंग झकास आहे, पण दोन वर्षं पडून आहे. 60 हजार सांगतो. आणून थेट बसवू का?
– एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर

उत्तर : थेट बसवू नका, आणि पैसेही अजून देऊ नका. इंजिन जमिनीवर आहे तोवर तपासणी एका दिवसाची. गाडीत बसल्यावर त्याच कामाला आठवडा जातो.

1994 साली एका गुऱ्हाळवाल्याची जीप माझ्याकडं आली होती. इंजिन बाहेरून रिबिल्ट करून आणलेलं. हंगाम तोंडावर होता, म्हणून मी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, न उघडता ते बसवलं. चोर्ल्याच्या घाटात खालून ठोका सुरू झाला आणि जीप ओढून आणावी लागली. उघडून बघतो तर क्रँक 20 थाऊ घासलेला आणि बेअरिंग 10 थाऊचं, म्हणजे सैल. क्रँक गेला, रॉड गेला, त्या माणसाचा हंगामही गेला. काम दुसऱ्या कुणी केलेलं असलं तरी बघायला मी होतो. ते मला अजून बोचतं. म्हणून तुम्हाला एवढं सविस्तर लिहितोय.

पहिल्यांदा मशीनशॉपचं बिल मागा. या इंजिनाचं मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 3 इंच 1 सूत, म्हणजे 3.125 इंच. तेव्हा 30 थाऊ वाढवल्यावर 3.155 च्या जवळपास माप यायला हवं. बिल नसेल तर बोअर गेज घेऊन जाणारा माणूस सोबत न्या. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं उद्यमबागेत असे माप घेणारे भेटतील.

मग प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दोन पावसाळे कोरडं पडलेलं इंजिन तसंच फिरवलं तर नव्या होनिंगवर, म्हणजे सिलिंडरच्या नव्यानं घासलेल्या भिंतीवर, ओरखडे पडतात. सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हातानं सावकाश फिरवा. रिंगा नव्या आहेत, त्यामुळं जड लागेल, पण तो जडपणा फेराभर सारखा हवा. एकाच जागी अडतंय आणि पुढं सैल होतंय असं वाटलं तर क्रँक वाकलाय किंवा बेअरिंगची कॅप उलटसुलट बसलीय, असं धरा.

आता चेंबर. ऑइल स्वच्छ परातीत काढून बोटावर चोळा, उन्हात धरा. चमक दिसली तर धातू झिजतोय, किंवा बोअरिंगनंतर ब्लॉकच्या ऑइलच्या वाटा धुतल्याच नाहीत. मेन बेअरिंगं तीनच असतात. मधल्याची कॅप काढा आणि एका बिग एंडची, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाची, काढा. बेअरिंगच्या शेलच्या (अर्ध्या वाटीच्या) पाठीवर 010, 020 असा आकडा असतो, तो क्रँकच्या मापाशी जुळलाच पाहिजे. रॉडचा मूळ जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) 1.9375 इंच, म्हणजे 20 थाऊ घासल्यावर 1.9175 च्या आसपास. प्लॅस्टिगेजचा (फट मोजायच्या प्लॅस्टिकच्या दोऱ्याचा) तुकडा ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कवर आवळा, क्रँक हलू न देता परत काढा आणि पट्टीशी ताडा. फट एक ते अडीच थाऊ आली तर माझी हरकत नाही. जर्नलच्या कोपऱ्यात गोलाई ठेवलीय का, तेही बघा. घाईत घासणारे कोपरा काटकोनात सोडतात आणि क्रँक तिथूनच तुटतो. क्रँकची पुढं-मागं हालचाल 4 ते 6 थाऊ हवी. जास्त असली तर पुढच्या शिम (पातळ चकत्या) बदलून बसते, तेवढ्यावरून सौदा मोडू नका.

हरिकेनचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. म्हणजे वरचं कव्हर काढून टॅपेट दाखवले तर निम्मंच काम दाखवलं. बाजूचं झाकणही काढायला लावा. गार इंजिनाला टॅपेटची फट इनटेकला 18 थाऊ, एक्झॉस्टला 16. जमलं तर हेडही उतरवा. हेड पॅकिंगचे पैसे तुम्ही द्या, पण उतरवा, कारण तापलेल्या जीपच्या ब्लॉकला बऱ्याचदा एक्झॉस्टच्या सीटपासून बोअरकडं चीर जाते आणि ती हेडखालीच लपलेली असते. शंका आली तर पाण्याच्या प्रेशरवर ब्लॉक टेस्ट करून घ्या. ताज्या रंगाखालची चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

एवढं पार पडलं तर बॅटरी आणि स्टार्टर लावून कॉम्प्रेशन घ्या. 120 ते 130 पौंड यायला पाहिजे. रिंगा अजून बसल्या नसतील तर थोडं कमी येईल, पण चौघांत 10 पौंडांहून जास्त फरक नको. बसवल्यावरही पहिल्यांदा प्लग न लावता फिरवा. गेजवर ऑइल प्रेशर दिसलं की मगच स्पार्क द्या.

आरसी बुकात इंजिन नंबर असतो, म्हणून बदलण्याआधी बेळगावच्या आरटीओत विचारून घ्या. हे इंजिन कुठल्या गाडीतलं, त्याचा कागदही विकणाऱ्याकडून घ्या, विशेषतः ती गाडी कोल्हापूरकडची असेल तर.

गॅरेजवाला चेंबरच उघडू देत नसेल तर 60 काय, 30 हजारालाही घेऊ नका. आणि वडिलांचा फुटका ब्लॉक भंगारात घालू नका. मूळ नंबर त्याच्यावर आहे, आणि बेळगाव हे फाउंड्र्यांचं गाव, कास्ट आयर्न सांधणारी माणसं इथं आहेत. चीर कुठून कुठवर गेलीय ते दिसेल असा फोटो मला पाठवा.