जीडीबी स्क्रिप्टमधून चालवताना मध्येच अडकून का पडतो

नमस्कार. उत्तर नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमची अडचण आधी थोडक्यात मांडतो. दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये पेट्यांचे वजन आणि लेबल यांची नोंद ठेवणारा तुमचा सी प्लस प्लसमधील प्रोग्रॅम आहे, तो पेटीवरील बारकोड स्टँडर्ड इनपुटवरून (प्रोग्रॅमला मजकूर मिळण्याच्या नेहमीच्या मार्गावरून) वाचतो आणि काहीशे पेट्यांनंतर एखाद्या वेळी सेगमेंटेशन फॉल्टने (मेमरीतील चुकीच्या जागी हात घातल्यामुळे येणाऱ्या दोषाने) बंद पडतो. तो क्षण पकडण्यासाठी तुम्ही बारकोडची नोंदवलेली फाइल घेऊन, पायथनच्या स्क्रिप्टमधून जीडीबी (चालू प्रोग्रॅम थांबवून त्याची आतली स्थिती दाखवणारा डीबगर) सुरू करता आणि पाइपमधून ‘ब्रेक’, ‘रन’, ‘प्रिंट’, ‘कंटिन्यू’ अशा कमांड एकामागून एक पाठवता. परंतु कधी स्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत थिजते, तर कधी पाठवलेली कमांड जीडीबीपर्यंत पोचतच नाही. (कमांडची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे.)

स्क्रिप्ट थिजण्याचे कारण बहुधा अगदी साधे आहे. तुम्ही उत्तर ओळीओळीने वाचता, म्हणजे ओळ संपल्याची खूण येईपर्यंत वाचन थांबून राहते. जीडीबीचा प्रॉम्प्ट (कमांड टंकण्याची जागा दाखवणारी खूण) मात्र ओळ न संपवताच छापला जातो, कारण तो समोर बसलेल्या माणसाने त्याच ओळीवर पुढे टंकावे यासाठी असतो. म्हणून जीडीबी तुमच्या कमांडची वाट पाहतो, तुमची स्क्रिप्ट जीडीबीच्या ओळीची वाट पाहते, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असूनही काम पुढे सरकत नाही. त्यात आणखी एक भर अशी, की प्रोग्रॅमचे आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपकडे जात असेल तर सी लायब्ररी ते ओळीगणिक बाहेर न सोडता बफर भरेपर्यंत साठवून ठेवते, त्यामुळे प्रोग्रॅमचे छापील संदेश आणि जीडीबीची उत्तरे यांचा क्रम बिघडतो आणि वाचणाऱ्याला वाटते की उत्तर एक पाऊल मागे येत आहे.

कमांड हरवण्याचे कारण याहून महत्त्वाचे आहे आणि तुमच्या बाबतीत तेच सर्वांत जास्त त्रास देत असावे. जीडीबी ज्या प्रोग्रॅमला चालवतो त्याला स्वतःचेच स्टँडर्ड इनपुट देतो. तुम्ही पाठवलेला ‘प्रिंट’ हा शब्द जीडीबीसाठी होता, पण त्या क्षणी प्रोग्रॅम चालू होता आणि बारकोडची वाट पाहत होता, म्हणून त्याने तो बारकोड समजून वाचून टाकला. यावर उपाय सोपा आहे: ‘रन’ कमांडपुढेच नेहमीच्या शेलप्रमाणे इनपुट वळवण्याचे चिन्ह देऊन बारकोडच्या फाइलचे नाव लिहावे. जीडीबी प्रोग्रॅमला मुळात शेलमार्फत सुरू करत असल्यामुळे हे वळण तेथे मान्य होते, आणि प्रोग्रॅमचे इनपुट व डीबगरचे इनपुट कायमचे वेगळे होतात.

तरीही माझा आग्रह असा आहे की प्रॉम्प्टशी बोलणारी ही स्क्रिप्टच तुम्ही सोडून द्यावी. प्रॉम्प्ट माणसासाठी आहे. प्रोग्रॅमने वापरण्यासाठी जीडीबीने वेगळे दरवाजे ठेवले आहेत, आणि तुमच्या कामाला त्यांतील सर्वांत साधा दरवाजा पुरतो. सगळ्या कमांड एका फाइलमध्ये लिहा, ती ‘एक्स’ पर्यायाने द्या, सोबत ‘बॅच’ पर्याय लावा आणि तुमच्या घरच्या डिरेक्टरीतील सुरुवातीच्या सेटिंग मध्ये येऊ नयेत म्हणून ‘एनएक्स’ हा पर्यायही जोडा. बॅच पद्धतीत पान भरल्यावर थांबण्याची सवय आणि ‘खरेच बाहेर पडायचे का’ अशी विचारणा या दोन्ही गोष्टी आपोआप बंद होतात, आणि फाइल संपली की जीडीबी स्वतःहून बाहेर पडतो.

फाइलमध्ये ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅमने जेथे थांबायचे तो ठरवलेला थांबा) लावल्यानंतर लगेच ‘कमांड्स’ असे लिहून ‘एंड’पर्यंतच्या ओळींत त्या थांब्यावर काय करायचे ते सांगता येते: पहिली ओळ ‘सायलेंट’, मग हवी ती व्हेरिएबल छापणे आणि शेवटी ‘कंटिन्यू’. येथे एक नियम पक्का लक्षात ठेवावा, की प्रोग्रॅमला पुन्हा चालू करणारी कमांड आली की त्या यादीतील पुढच्या ओळी पाहिल्या जात नाहीत, म्हणून ‘कंटिन्यू’ नेहमी शेवटीच यावे. त्याखाली ‘रन’ लिहावे आणि त्याच्यापुढच्या ओळीत ‘बीटी फुल’, म्हणजे स्टॅक (त्या क्षणी कोणते फंक्शन कोणी बोलावले याची साखळी) व्हेरिएबलसह छापण्याची कमांड. सेगमेंटेशन फॉल्ट आला की जीडीबी प्रोग्रॅमला थांबवून फाइलमधील पुढच्या ओळीकडे वळतो, त्यामुळे स्टॅक नेमका त्याच क्षणाचा मिळतो. प्रोग्रॅम सुखरूप संपला असेल तर मात्र स्टॅकच उरलेला नसतो. अशा वेळी जीडीबीने आपोआप भरलेले एक्झिट कोडचे व्हेरिएबल रिकामे आहे की नाही हे ‘इफ’ने तपासावे, आणि रिकामे असेल तरच स्टॅक छापावा. शेलमध्ये हेच लूपमध्ये टाकले की शंभर फेऱ्या तुमच्या अनुपस्थितीत होऊ शकतात.

कमांडच्या फाइलमध्ये एखादी चूक आली की उरलेली फाइल सोडून दिली जाते, हेही ध्यानात असू द्या. त्या जागी अस्तित्वात नसलेले व्हेरिएबल छापायला सांगणे ही चूकच धरली जाते. म्हणून खात्रीच्या कमांड आधी आणि शंकेच्या नंतर, असाच क्रम ठेवावा.

आता एक अनुभव, कारण यात माझी एक पूर्ण रात्र गेली होती. सातपूरच्या एका कारखान्यातील मोजमाप यंत्राचा प्रोग्रॅम मी असाच बॅचमध्ये लावून ठेवला होता आणि ब्रेकपॉइंट एका अशा लायब्ररीतील फंक्शनवर होता जी प्रोग्रॅम सुरू झाल्यानंतर लोड होते. टर्मिनलवर असतो तर जीडीबीने विचारले असते की हे फंक्शन आता सापडत नाही, लायब्ररी आल्यावर ब्रेकपॉइंट लावू का. स्क्रिप्टमध्ये विचारायला समोर कोणी नसल्यामुळे त्याने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर धरले, लॉगमध्ये तशी एक ओळ लिहिली आणि प्रोग्रॅम कुठेही न थांबता सकाळपर्यंत चालत राहिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलच्या आरंभी ‘सेट ब्रेकपॉइंट पेंडिंग ऑन’ ही ओळ असते, आणि पहिल्या फेरीचा लॉग मी वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय जागेवरून उठत नाही.

तुमचा दोष क्वचित दिसणारा आहे, म्हणून आणखी एक सेटिंग सांगतो, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लिनक्स प्रत्येक वेळी प्रोग्रॅमला मेमरीत वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेवतो, पण जीडीबी स्वतः प्रोग्रॅम सुरू करताना ही सरमिसळ बंद करतो, जेणेकरून प्रत्येक फेरीत पत्ते तेच राहावेत. बिघडलेल्या पॉइंटरमुळे (मेमरीतील पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलमुळे) येणारा दोष अशा स्थिर मांडणीत कधीच दिसत नाही असे घडू शकते. ‘सेट डिसेबल रँडमायझेशन ऑफ’ लिहून हे पूर्ववत करून पाहा. तसेच अटीचा ब्रेकपॉइंट लावला तरी प्रोग्रॅम प्रत्येक वेळी थांबतो, जीडीबी अट तपासतो आणि मग त्याला पुढे सोडतो. त्यामुळे वेग खूप घटतो आणि दोन थ्रेडच्या (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) शर्यतीतून येणारा दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो.

ब्रेकपॉइंटवर अधिक विचार करून थांबायचे असेल, उदाहरणार्थ मागच्या पेटीचे वजन आणि या पेटीचे वजन ताडून पाहायचे असेल, तर जीडीबीच्या आतला पायथन वापरावा. २००९ साली आलेल्या ७.० या आवृत्तीपासून तो जीडीबीत आहे. ब्रेकपॉइंटच्या क्लासपासून आपला क्लास तयार करून त्यात ‘स्टॉप’ नावाची पद्धत (मेथड) लिहायची; तिने खरे परत केले तर प्रोग्रॅम थांबतो, खोटे परत केले तर पुढे जातो. या पद्धतीत फक्त वाचन करावे, तिच्यातून प्रोग्रॅमला पुढे ढकलण्याचा प्रयत्न करू नये. तुम्हाला पायथन येतोच, त्यामुळे बाहेरून पाइप जोडण्याऐवजी तोच कोड आत नेणे तुम्हाला जड जाणार नाही. स्वतःचे संपूर्ण साधन बांधायचे असेल तर यंत्रासाठीचा एमआय हा इंटरफेसही आहे, पण तुमच्या प्रश्नासाठी तो गरजेपेक्षा मोठा आहे.

एक्स्पेक्ट किंवा पायथनमधील पीएक्स्पेक्ट (प्रॉम्प्टवर माणसाऐवजी कमांड टंकणारी साधने) यांचा सल्ला तुम्हाला अनेकांकडून मिळेल. डॉन लिब्स यांचे एक्स्पेक्ट १९९० पासून अशा कामांसाठी वापरात आहे, आणि ज्या डीबगरला स्क्रिप्टची कोणतीही सोय नाही तेथे मीही तेच वापरतो, कारण ते खोटे टर्मिनल उभे करते आणि ओळीची नव्हे तर ठरावीक मजकुराची वाट पाहते. तशी वेळ आलीच तर प्रॉम्प्ट बदलून प्रोग्रॅमच्या आउटपुटमध्ये कधीही येणार नाही असा शब्द ठेवावा, रंग बंद करावेत, रुंदी शून्य करावी आणि प्रत्येक वाट पाहण्याला वेळेची मर्यादा घालावी.

हे सर्व ऑफिसमधील संगणकासाठी झाले. पॅकहाऊसमधील यंत्रावर मात्र जानेवारी ते एप्रिल या हंगामात डीबगर लावून काम मंदावणे योग्य नाही. माल शीतगृहात जाण्याची वाट पाहत असतो. तेथे प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘यूलिमिट’ने कोअर फाइलची (प्रोग्रॅम पडताना त्याच्या मेमरीची जी प्रत लिहिली जाते तिची) मर्यादा काढून टाका आणि कर्नलच्या ‘कोअर पॅटर्न’ सेटिंगमध्ये ती फाइल कुठे लिहिली जाते ते आधीच पाहून ठेवा. प्रोग्रॅम पडला की कोअर फाइल घरी आणून त्याच बॅच पद्धतीने ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी फुल’ चालवता येते. त्यासाठी प्रोग्रॅम डीबग माहितीसह बांधलेला हवा, आणि यंत्रावर दिलेल्या प्रत्येक आवृत्तीची नेमकी तीच प्रत तारखेसह आपल्याकडे जपलेली हवी. नव्याने बांधलेल्या प्रतीशी जुनी कोअर फाइल जोडली तर ओळींचे क्रमांक चुकीचे येतात आणि चुकीच्या फंक्शनमध्ये शोध सुरू होतो.