नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय, तर वाट कुठली?

ताई, मुलगी बारावी सायन्सला आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) ३ वर्षांत होतं, बीएस्सी नर्सिंगला ४ लागतात. एक वर्ष वाचवावं का? (एक आई, दांडिया बाजार, बडोदा)

वाचणार नाही. नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) म्हणजे ठरलेल्या मर्यादेत उपचारही करणारी नर्स. तिच्या क्रिटिकल केअरच्या, म्हणजे अत्यवस्थ पेशंटच्या देखभालीच्या कोर्सला पदवी लागतेच. जीएनएमनंतर पदवीसाठी पोस्ट बेसिक बीएस्सीची २ वर्षं धरली की ५ झाली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी असेल तर थेट बीएस्सीच करू दे. फी भरण्याआधी मुलींचं प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात होतं ते मात्र स्वतः जाऊन बघा. रिकाम्या खाटांवर नर्सिंग शिकता येत नाही.

बीएस्सी झालं, ७ महिने आयसीयूत आहे. एमएस्सी करू की एनपी?

एनपीला किमान १ वर्षाचा अनुभव लागतो, तेव्हा थोडं थांबच. कोर्स दोन्ही २ वर्षांचे. शिकवायची ओढ असेल तर एमएस्सी कर. एनपी ही रेसिडेन्सी आहे, म्हणजे हॉस्पिटलात काम करतच शिकायचं, बहुतेक वेळ पेशंटजवळच जातो.

माझी एक विद्यार्थिनी रात्रपाळीला होती. पेशंटची लघवी तासाला ४० मिली, मग २५, मग १०. बीपी ठीक, मॉनिटर गप्प. तिनं आधी कॅथेटरची नळी कुठे दुमडली नाही ना ते पाहिलं, पावलांना हात लावला तर पावलं गार, म्हणजे रक्त नीट पोहोचत नसल्याची खूण. डॉक्टरांना फोन केला तेव्हा तिन्ही तासांचे आकडे तिला तोंडपाठ होते. अशा कामात तुझा जीव रमत असेल, तर एनपीच कर. औषधोपचाराचे अधिकार मात्र हॉस्पिटलच्या प्रोटोकॉलमध्ये आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच मिळतात, हे आधीच समजून घे.

मी सरकारी दवाखान्यात, जीएनएम, लेबर रूममध्ये ६ वर्षं. माझं काय?

तुमच्यासाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपणाच्या कामाचा कोर्स, १८ महिन्यांचा. जीएनएम झालेल्यांनाही ही वाट खुली आहे, आणि राष्ट्रीय मिडवाइफरी प्रशिक्षण संस्था आपल्या बडोद्यातच आहे. बाळंतपणाचा तुमचा अनुभव इथे सोन्यासारखा आहे. वरिष्ठांकडे उद्याच चौकशी करा.

इथलं एनपी अमेरिकेत चालेल?

थेट नाही. ही भूमिकाच तिथली, १९६५ साली कोलोरॅडोत सुरू झालेली, आणि तिथले नियम वेगळे. आधी एनसीएलईएक्स-आरएन ही तिथली लायसन्सची परीक्षा देऊन नर्स म्हणून लायसन्स, मग तिथली मास्टर्स किंवा डॉक्टरेट, मग सर्टिफिकेशन. जायचं नक्की असेल तर बीएस्सी आणि चांगला अनुभव घेऊन जा, एनपी तिथेच कर.