टॉर्क कन्व्हर्टर लावलास तरी क्लच काढू नकोस

भाऊ, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा जोड) असताना क्लच कशाला, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. इंजिन चालू असेपर्यंत कन्व्हर्टरमधलं तेल टर्बाइनला, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या पंख्याला, ढकलतच राहतं, गाडी उभी असताना आयडलवरही. त्यामुळे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मोकळा होत नाही आणि हाताने बदलायचा साधा सिंक्रोमेश गिअर (दात जुळण्याआधी वेग जुळवून घेणारा) धड पडत नाही; जोर लावलास तर कर्रकर्र दात घासतात. म्हणून क्लच कन्व्हर्टर आणि गिअरबॉक्सच्या मध्येच हवा. 1967 च्या एनएसयू आरओ 80 या जर्मन गाडीत हेच होतं: गिअरच्या मुठीला हात लागला की व्हॅक्यूमने क्लच सुटायचा. मुठीवर हात टेकवून गाडी चालवायची सवय असेल, तर अशा गाडीत ती आधी मोड.

गाडी जागेवरून उचलायचं काम कन्व्हर्टरचं. क्लच फक्त गिअर बदलायला.

आणि तेल थंड ठेव, हे कळकळीने सांगतो. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा 45 अंशांवर जातो. सीताबर्डीच्या गर्दीत रांगताना कन्व्हर्टर सारखा घसरतो आणि त्याची सगळी उष्णता तेलात उतरते. वेगळा ऑइल कूलर लावच. दोन थेंब तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन वास घे. काळपट दिसलं, जळका वास आला, तर त्याच दिवशी बदल.