जुना साधा व्हीसीआर घेताना नेमकं काय तपासावं?

तुमच्या घरी आईवडिलांच्या लग्नाच्या आणि मुंजीच्या मिळून पाच-सहा कॅसेट आहेत, मांडवीतला एकजण साधा व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणारं आणि रेकॉर्ड करणारं मशीन, विकतोय, मशीन चालू होतं, घड्याळही दिसतं, तर घ्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. घड्याळ दिसतं म्हणजे मशीनपर्यंत वीज पोचते, एवढंच. खरी परीक्षा ते टेप कसं हाताळतं याची.

फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि त्याबरोबर नवं मशीन मिळणंच संपलं. तुमच्यासमोरचं मशीन त्याहूनही बरंच जुनं असणार. इतक्या वर्षांत आतलं रबर कडक होतं. टेप ओढायचं काम कॅप्स्टन नावाचा फिरता दांडा आणि त्यावर टेप दाबून धरणारा पिंच रोलर हा रबरी रूळ करतात. ती पुढे गुंडाळून घेणाऱ्या चकतीला फिरवायला आयडलर नावाचं रबरी चाक असतं. हे चाक घसरायला लागलं की टेप ओढली जाते, पण गुंडाळली जात नाही. आत तिचा गुंता होतो.

माझ्या मुंजीच्या कॅसेटचं हेच झालं. मशीन दुकानात छान चाललं म्हणून घरी आणून थेट तीच लावली. बाहेर काढली तर हातभर टेप आतच अडकलेली. झाकण उघडून सोडवली, पण वरची कड चुरगळली ती चुरगळलीच. व्हीएचएस या घरगुती कॅसेटच्या पद्धतीत साधा आवाज त्या वरच्या कडेवर असतो. आता भिक्षावळीत आजी लाडू घालताना दिसते, ओठ हलतात, आवाज येत नाही. तिचा आवाज आमच्याकडे तेवढाच होता.

म्हणून जाताना एक टाकाऊ कॅसेट न्या. दहा मिनिटं चालवा, मग शेवटपर्यंत फॉरवर्ड, सुरुवातीपर्यंत रिवाइंड, मध्ये दोन-तीनदा थांबवून पुन्हा प्ले. शेवटी कॅसेट बाहेर काढा, कडेचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला आणि टेप उजेडात धरा. सपाट आणि चकचकीत हवी. वरची कड दुमडली तर आवाज जातो. खालच्या कडेवर कंट्रोल ट्रॅक, म्हणजे चित्राचा ताल सांभाळणारी खूण, असतो, ती दुमडली तर चित्र सैरभैर होतं. जरा जरी सुरकुती दिसली तरी ते मशीन घेऊ नका, फुकट दिलं तरी.

चित्रावर सगळीकडे मुंग्या आल्या तर लगेच नाही म्हणू नका, बहुतेकदा हेड, म्हणजे फिरत्या ड्रमवरचं टेप वाचणारं टोक, नुसतं मळलेलं असतं. साफ करायचं तर प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं शॅमॉय, म्हणजे मऊ चामडं, ड्रमला हलकं टेकवा आणि ड्रम हाताने वरून फिरवा. वर-खाली कधीच घासू नका, हेडचं टोक तुटतं. तरीही मुंग्या राहिल्या तर हेड झिजलंय. आणि पॉज केल्यावर आडवा पट्टा दिसला तर घाबरू नका, दोन हेडच्या मशीनचा तो स्वभावच आहे. लग्नाच्या कॅसेटना दोन हेड पुरतात. खरं तर तुम्हाला रेकॉर्डिंग करायचंच नाही, तेव्हा चांगला व्हीसीपी, म्हणजे फक्त कॅसेट दाखवणारं मशीन, मिळाला तरी काम होईल. मागे पिवळं व्हिडिओ आउट मात्र हवं, म्हणजे कॅप्चर उपकरण लावून कॉम्प्युटरवर उतरवता येईल.

आपल्या गावात आणखी एक भानगड असते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेली मशीनं इथे विकायला येतात. ती १२० व्होल्टची आणि एनटीएससी या तिकडच्या व्हिडिओ पद्धतीची असतात. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलं की जळतात, आणि आपल्या इथल्या पाल पद्धतीच्या कॅसेट त्यांच्यावर नीट चालत नाहीत. मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू देऊ नका. उलट न्यू जर्सीच्या काकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर दोन्ही पद्धती चालवणारं मल्टिसिस्टिम मशीन शोधावं लागेल.

मशीन पसंत पडलं तरी आधी कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट लावू नका, हेडला लागून पुढच्या कॅसेटवर जाते. २०१९ च्या विश्वामित्रीच्या पुरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात भिजलेल्या असतील तर त्या जाणकाराकडेच द्या. चांगल्या कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. सुरुवात सगळ्यात कमी महत्त्वाच्या कॅसेटपासून करा आणि लग्नाची शेवटी लावा. ती चालत असताना मशीनजवळच बसा, आवाज डगमगला किंवा आत खरखर झाली की लगेच स्टॉप दाबा.