लांबून बघू, असं म्हणायचं नाही

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

‘इतिहास घडत होता काका, आणि मी थामेलच्या हॉस्टेलवर वाय-वाय नूडल्स खात होते,’ हे वाक्य तू खाली रेघ मारून लिहिलंयस. तुझ्याबरोबरची दोघं काठमांडूतल्याच मैतीघर चौकात मोर्चा बघायला जाऊन व्हिडिओ काढून आली, आता ती सगळ्यांना दाखवत फिरतात, आणि तुला वाटतंय आपण भित्र्या ठरलो. नूडल्स खाल्ल्यास ते उत्तम केलंस.

८ सप्टेंबर २०२५ ला तिथे जमलेली मुलं तुझ्या वयाची, काही तर शाळेच्या गणवेशात. नेपाळ सरकारने २६ समाजमाध्यमं बंद केली हे निमित्त झालं. राग भ्रष्टाचारावरचा होता, साठलेला होता आणि खरा होता. त्यांची बाजू मला समजावू नकोस, मला ती पटलेलीच आहे. पण त्या एका दिवसात १९ जणांचा जीव गेला. तुझे मित्र दुपारीच परतले ते शहाणपण सुचलं म्हणून नव्हे, मोबाइलची बॅटरी संपली म्हणून. हेही तूच लिहिलंयस.

माझा नियम एकच आहे, परक्या देशात मोर्चा बघायला जायचं नाही. जवळून नाही, लांबून नाही, कोपऱ्यावरून नाही आणि गच्चीवरून तर मुळीच नाही.

मी लालबागचा. गिरणी संपाच्या दिवसांत वाढलो, मोर्चे मला नवे नाहीत. पोलिस आले की कुठल्या चाळीचा मागचा जिना उघडा असतो, कोण दार लावून घेईल आणि कोण आत ओढून घेईल, हे आम्हा पोरांना तोंडपाठ होतं. तुला थामेलमध्ये यातलं काय माहीत होतं? शेजारी उभा असलेला माणूस कुणाच्या बाजूचा आहे, एवढं तरी ओळखता आलं असतं? आणि फोन वर केलास की पोलिसांना तू आंदोलक वाटतेस, आंदोलकांना खबरी. आपल्याकडे २०१९ च्या डिसेंबरात आयआयटी मद्रासमधल्या एका जर्मन विद्यार्थ्याला निदर्शनांत गेला म्हणून देश सोडायला सांगितलं होतं. ते तुला पटलं नसेल, मलाही नाही पटलं. पण पाहुण्याचं परदेशात असंच होतं.

२०१० च्या एप्रिलमध्ये मी टूर कंपनीचा ग्रुप घेऊन बँकॉकला होतो. लाल शर्टवाल्या सरकारविरोधी आंदोलकांनी राचप्रासाँगचा चौक अडवलेला, आजूबाजूचे मॉल बंद. शॉपिंगचा दिवस मी रद्द केला आणि सगळ्यांना शहराबाहेर, कांचनाबुरीला नेलं. आमच्या कंपनीच्या टोप्याही नेमक्या लाल, त्या बॅगेत टाकायला लावल्या. एक सद्गृहस्थ अडून बसले, ‘अहो, लांबून बघू. आपण काय घोषणा देणार आहोत का?’ या ‘लांबून बघू’चा मला तेव्हापासून तिटकारा आहे. १० एप्रिलला खाओसान रोडजवळच्या खोक वुआ चौकात सैन्य आणि आंदोलक भिडले. खाओसान म्हणजे तिथलं थामेलच, पाठीवर सॅक लावलेल्या गोऱ्या पोरांनी भरलेलं. २० हून अधिक माणसं मेली, त्यात एक जपानी कॅमेरामन होता. मे महिन्यात एक इटालियन छायाचित्रकार गेला. ते दोघं तर कामावर होते, मजा बघायला आलेले नव्हते. गोळीला ते कसं कळावं?

परत आल्यावर माझ्याविरुद्ध तक्रार गेली, शॉपिंग बुडवलं म्हणून. कंपनीने माझा भत्ता कापला आणि पुढचं वर्षभर मला अष्टविनायकाला जुंपलं. बाप्पाबद्दल तक्रार नाही, पण ते लागलं ते लागलंच. ते गृहस्थ आज भेटले तरी मी हेच ऐकवीन, आणि त्यांचं काही ऐकून घेणार नाही. सगळे धडधाकट घरी आले ना? मग!

आता तू म्हणशील, खोलीत बसलं की झालं का? नाही झालं. काठमांडूत ९ तारखेला सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार पेटला, संसद पेटली आणि हिल्टन हॉटेलही पेटलं. आग लागलेल्या दुसऱ्या एका मोठ्या हॉटेलातून खाली उतरताना पडून एक भारतीय यात्रेकरू बाई गेल्या. म्हणून हॉटेल सरकारी इमारतींपासून लांबचं, शक्यतो गल्लीतलं आणि बुटकं घ्यायचं. खोलीत सामान टाकण्याआधी मागचा जिना उतरून बघायचा.

आणि नकाशा बघ जरा. मैतीघर, तिथून नयाँ बानेश्वरची संसद, पुढे तीनकुने आणि मग विमानतळ, सगळं एकाच रस्त्यावर. घाबरून विमानतळाकडे धावणारे थेट गर्दीत शिरतात. धावून मिळवायचं काय? विमानतळ ९ ला बंद झाला तो १० च्या संध्याकाळी उघडला.

दुकानांची शटरं अर्धी खाली येताना दिसली की विचारत बसू नकोस, माघारी फिर. वाटेतच गर्दी भेटली तर तिच्या पुढे धावायचं नाही, उलट दिशेने घुसायचंही नाही; आडव्या गल्लीत शिरायचं, जे उघडं दिसेल त्या दुकानात. दूतावासाचा नंबर कागदावर हवा. नेपाळला मतदार ओळखपत्र चालतं म्हणून पासपोर्ट घरी ठेवणारे मी खूप पाहिलेत. तिथून तिसऱ्या देशामार्गे परतायची वेळ आली तर ते कार्ड कुणाला दाखवणार?

पत्राच्या शेवटी तू जॉर्जियाच्या राजधानीला, तिबिलिसीला निघाल्याचं सहज लिहून गेलीस. ‘रुस्तावेली अव्हेन्यूवर मस्त खोली मिळालीय, बाल्कनीतून संसद दिसते.’ अगं, त्याच संसदेसमोर २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीपासून महिनोन्‌महिने रोज संध्याकाळी लोक जमत आलेत! ते बुकिंग आजच्या आज रद्द कर. पैसे कापले तर अर्धे मी देतो. नवी खोली कुठे घेतलीस ते कळव, आणि बाल्कनी नसली तरी चालेल.

तुझा,
काका